थोर फुटबॉल संघ ओळखायचा कसा? तळकोकणातल्या नव्या प्रेक्षकांसाठी

चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे थंडीत रात्री दीडला आणि मार्चअखेरीपासून साडेबाराला सुरू होतात. दुसऱ्या दिवशी सावंतवाडीत मोती तलावाच्या कठड्यावर डोळे चोळत बसलेली पोरं दिसतात आणि कालच्या विजेत्याला 'आजवरचा सगळ्यात भारी संघ' हे बिरूद मिळालेलं असतं. पुढच्या आठवड्यात ते बिरूद दुसऱ्याकडे जातं. शेजारी एखादे आबा बसलेले असले तर तेही गप्प राहत नाहीत: "तेवाचो खेळ तुमका काय दिसतलो!"

दोन्ही बाजूंकडे मत भरपूर, पण मोजमाप नाही. हा लेख त्या मोजमापासाठी आहे. लागेल ती एक वही, मोबाइलचं कॅल्क्युलेटर आणि थोडा धीर. इथे फक्त क्लबांचा विचार केला आहे. देशांचे संघ वर्षातून मोजके सामने खेळतात, त्यांचं गणित वेगळं.

आधी वर्षं लिहा

'लिव्हरपूल थोर आहे' या वाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लिव्हरपूल हा क्लब, म्हणजे संस्था. थोर असतो तो त्या संस्थेचा अमुक वर्षांतला संघ. म्हणून वहीच्या पानावर पहिल्या ओळीत नाव आणि दोन सालं लिहा: कधीपासून कधीपर्यंत. प्रशिक्षक तोच आणि रोजच्या अकरापैकी निदान सहा-सात जण तेच असतील, तोवर संघ एक धरायचा.

हे वाटतं तितकं सोपं नसतं. एसी मिलान घ्या. १९८७ ते १९९१ प्रशिक्षक अरिगो साकी, पुढे १९९६ पर्यंत फाबियो कापेल्लो. बारेसी, माल्दिनी, कोस्ताकुर्ता, तासोत्ती ही बचावफळी मात्र दोघांच्याही हाताखाली खेळली. मग एक संघ की दोन? मी दोन धरतो, कारण खेळण्याची पद्धत बदलली. तुम्ही एक धरलात तरी चालेल, फक्त पहिल्याच ओळीत तसं लिहा आणि पुढे सोयीप्रमाणे बदलू नका. वादातली निम्मी चलाखी या सालांमध्येच लपलेली असते.

माझ्या हिशेबात किमान तीन हंगाम हवेत. २०१५-१६ ला सट्टेबाजांकडे ५०००ला १ असा भाव असलेली लेस्टर सिटी इंग्लंडची विजेती झाली. तो चमत्कार होता, पण थोर संघांच्या वहीत मी तो घेत नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट मात्र घेतो: १९७७ मध्ये खालच्या विभागातून वर, १९७८ ला लीगचं जेतेपद, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव). देशातल्या लीगपेक्षा युरोपियन कप जास्त वेळा जिंकलेला तो एकमेव क्लब आहे.

चषकांच्या आधी गुणतक्ता

नवा माणूस पहिल्यांदा चषक मोजतो. ते शेवटी मोजा. बाद फेरीत एक पेनल्टी, एक लाल कार्ड, गोलकीपरचा एक हात निसटला की चषक गेला. लीगमध्ये तेच वीस-बावीस खेळाडू नऊ महिने पावसाचिखलात, दुखापतीत आणि कंटाळ्यातही दिसतात, म्हणून तिथे खरं कळतं.

जुने तक्ते आरएसएसएसएफ या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. दिसायला रूक्ष, पण शंभर वर्षांमागचेही निकाल आहेत. एका संघाचं पान उघडलं की विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल आणि खाल्लेले गोल हे पाच आकडे उतरवून घ्या. गुण उतरवू नका. आज विजयाला तीन गुण मिळतात; इंग्लंडमध्ये १९८१ पर्यंत दोनच होते, इटलीत १९९४ पर्यंत, स्पेनमध्ये १९९५ पर्यंत. ते गुण आजच्या गुणांशेजारी ठेवले की जुना संघ उगाच खुजा दिसतो.

एक उदाहरण नीट करून पाहू. लिव्हरपूल, हंगाम १९७८-७९. ४२ सामने: ३० विजय, ८ बरोबरी, ४ पराभव. गोल केले ८५, खाल्ले १६. तेव्हाच्या पद्धतीने गुण ६८. आजच्या पद्धतीने विजयाचे ९० आणि बरोबरीचे ८, असे ९८. आता सामन्यांच्या संख्येने भागा: दर सामन्याला २.३३. मँचेस्टर सिटीने २०१७-१८ ला ३८ सामन्यांत १०० गुण मिळवले, म्हणजे २.६३. सिटी पुढे.

पण थांबा. दोन गुणांच्या काळात बरोबरीला विजयाच्या निम्मी किंमत होती. परक्या मैदानावर जाऊन ०-० करणं हा तेव्हा शहाणपणाचा व्यवहार होता, आज तो तोट्याचा आहे. तेव्हाचे संघ त्या हिशेबाने खेळत होते, म्हणून रूपांतर करताना त्यांच्यावर थोडा अन्याय होतोच. वहीत समासात तशी खूण करून ठेवा.

आता बचाव. चेल्सीने २००४-०५ मध्ये फक्त १५ गोल खाल्ले, आणि हा आकडा सगळे तोंडपाठ सांगतात. लिव्हरपूलने १९७८-७९ मध्ये १६ खाल्ले होते. पण चेल्सी ३८ सामने खेळली आणि लिव्हरपूल ४२. भागाकार केला तर चेल्सी ०.३९, लिव्हरपूल ०.३८. विक्रम चेल्सीचा, सरासरी लिव्हरपूलची. इथेही एक खोच आहे: १९९२ पर्यंत सहकाऱ्याने मागे दिलेला पास गोलकीपरला हाताने उचलता येत असे. दबाव आला की चेंडू मागे द्या, तो छातीशी धरेल, श्वास घ्या. ही सोय चेल्सीला नव्हती. तेव्हा या दोघांत कोण सरस, याचं उत्तर मी चेल्सीच्या बाजूने देतो, केसाच्या अंतराने. तुमचं वेगळं येऊ शकतं, पण आता आपण निदान एकाच गोष्टीवर भांडतो आहोत.

शेवटी दुसऱ्या क्रमांकाशी अंतर पाहा. सिटी २०१७-१८ ला १९ गुणांनी पुढे होती. लिव्हरपूलच्या मागे फॉरेस्ट: २१ विजय, १८ बरोबरी, ३ पराभव. आजच्या हिशेबाने ८१, म्हणजे अंतर १७ गुणांचं. आणि ही फॉरेस्ट कोण? त्याच हंगामात युरोपियन कप जिंकणारी. इतकंच काय, त्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत तिने लिव्हरपूललाच बाहेर काढलं होतं. चषक मोजणाऱ्याला त्या वर्षी फॉरेस्ट मोठी दिसेल, तक्ता वाचणाऱ्याला लिव्हरपूल. मी तक्त्याकडे झुकतो, पण दोन लढतींच्या त्या फेरीत तिला कोणी बाहेर काढलं, हे वहीत नोंदवायला विसरत नाही.

तेव्हाचे नियम, तेव्हाची स्पर्धा

रेआल माद्रिदने १९५६ ते १९६० असे पहिले पाचही युरोपियन कप जिंकले. ऐकायला जबरदस्त. पण पहिल्या वर्षी १६ संघ होते, तेही आमंत्रित. इंग्लंडचा विजेता चेल्सी तर आलाच नाही. चषकासाठी माद्रिदला सात सामने पुरले. २०२४-२५ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला सतरा खेळावे लागले.

म्हणजे माद्रिदचं यश हलकं? तसंही नाही. तेव्हा मुख्यतः देशोदेशीचे विजेतेच येत. एका देशाचे चार-चार संघ घेण्याची रीत १९९७ नंतर हळूहळू आली. सामने कमी होते, पण चुकायला जागाही नव्हती. आणि १९६० चा ग्लासगोतला अंतिम सामना आइनट्राख्ट फ्रँकफर्टविरुद्ध ७-३: पुश्काशचे चार, दी स्तेफानोचे तीन. तो सामना पूर्ण उपलब्ध आहे, पाहा.

आणखी दोन तारखा लक्षात असू द्या. १९२५ मध्ये ऑफसाइडचा (पास येण्याआधीच आघाडीपटूने बचावपटूंच्या मागे जाऊन थांबू नये, हा) नियम सैल झाला आणि गोल धो-धो पडू लागले. १९२७-२८ मधले डिक्सी डीनचे ६० गोल वाचताना हे आठवा. डिसेंबर १९९५ मध्ये बोस्मन निकाल लागला. करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ लागला, परदेशी खेळाडूंची मर्यादा ढासळली आणि श्रीमंत क्लबांचं फावलं. १९६७ ला सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेव्हा त्यांचे सगळे खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. आता तसं होणं नाही.

कोणाला हरवलं?

वाडीतल्या अंडरआर्म स्पर्धेचा चषक लागोपाठ तीन वर्षं नेणारा संघ तालुक्याला गेला की पहिल्याच फेरीत परततो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून प्रतिस्पर्ध्यांचं पान वेगळं करा.

यासाठी मिलान किंवा माद्रिदपेक्षा जवळचा संघ घ्यावा. बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की आपण त्याच्या राज्यात, गोव्यात. धेंपो स्पोर्ट्स क्लब, २००४ ते २०१२, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो.

आठ हंगामांत पाच राष्ट्रीय जेतेपदं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२. पहिल्या दोन वेळा स्पर्धेचं नाव नॅशनल फुटबॉल लीग होतं, पुढे आय-लीग. मधली तीन वर्षं कोणाची? २००५-०६ मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचं, २००८-०९ चर्चिल ब्रदर्सचं, २०१०-११ साळगावकरचं. २०१२-१३ पुन्हा चर्चिल. म्हणजे २००६-०७ पासून सलग सात वर्षं भारताचं जेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपोला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तर हरवावे लागलेच, पण घराशेजारचे दोन क्लबही राष्ट्रीय विजेत्याच्या ताकदीचे होते. ही झाली जमेची बाजू, आणि ती बरीच वजनदार आहे.

खेळाडूंमध्ये महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे देशाच्या संघातले. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, त्याने २०११-१२ मध्ये एका हंगामात ३२ गोल ठोकले. त्या वर्षी २६ सामन्यांत ५७ गुण, म्हणजे दर सामन्याला २.१९. आर्सेनलच्या २००३-०४ च्या अपराजित संघाचे २.३७ होते, पण या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. लीगच वेगळ्या आहेत. आकडा आपापल्या लीगच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाशीच ताडायचा.

२००४-०५ च्या पानावर आणखी एक नोंद हवी. डिसेंबर २००४ मध्ये बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल करणारा धेंपोचा ब्राझिली आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोलकीपरशी झालेल्या धडकेत कोसळला आणि दगावला. त्यानंतर त्याच संघाने लीग जिंकली. हे गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही.

उणे बाजू आशियात सापडते. २००८ ला एएफसी कपमध्ये धेंपो उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि लेबननच्या अल सफाकडून हरला. त्या पुढे कधी नाही. आणि एएफसी कप ही आशियातली दुसऱ्या दर्जाची स्पर्धा होती, पहिल्या दर्जाची एएफसी चॅम्पियन्स लीग. भारतीय क्लबाने तिथला गटसाखळीतला सामना जिंकायला एप्रिल २०२२ उजाडला, तो मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाविरुद्ध जिंकला.

एक सामना पूर्ण पाहा

गोलांच्या चित्रफिती पाहून संघ कळत नाही. तिथे सगळेच भारी दिसतात. प्रत्येक संघाचा एक तरी सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत पाहा, आणि तो मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा असावा. जून-जुलैत आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा आधी उतरवून ठेवलेला बरा.

साकीच्या मिलानसाठी एप्रिल १९८९ मधली रेआल माद्रिदविरुद्धची युरोपियन कपची उपांत्य लढत निवडा, ५-०. पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघूच नका. चेंडू माद्रिदकडे असताना मिलानचा शेवटचा बचावपटू आणि सगळ्यात पुढचा खेळाडू यांच्यात किती अंतर आहे ते बघा. मैदान शंभर मीटरचं, पण मिलानचे दहा जण जेमतेम त्याच्या एक-तृतीयांश पट्ट्यात असतात. बारेसी एक पाऊल पुढे आला की चौघं पुढे येतात आणि माद्रिदचा आघाडीपटू ऑफसाइडमध्ये सापडतो. चेंडू गमावला की सगळ्यात जवळचे दोघं-तिघं लगेच धावतात. मग आजचा कुठलाही चांगला सामना लावा; हीच गोष्ट बहुतेक सगळे करताना दिसतील. त्या मिलानने १९८९ आणि १९९० असे दोन युरोपियन कप जिंकले. चषक राखणं त्यानंतर थेट २०१७ ला माद्रिदलाच जमलं. पण मी मिलानला जास्त गुण देतो ते या दहा जणांच्या पट्ट्यासाठी.

नंतरच्यांनी उचललं असं काही संघाने मागे ठेवलं का, हा प्रश्न पूर्ण सामना पाहिल्याशिवाय सुटत नाही. कापेल्लोच्या मिलानने १९९१-९२ ची लीग एकही सामना न हरता जिंकली, १९९३-९४ ला तर ३४ सामन्यांत अवघे ३६ गोल करून जिंकली. कामगिरी दांडगी. तरी नक्कल झाली ती साकीची.

आबांची साक्ष

तलावाकाठच्या आबांना उडवून लावू नका. आपल्याकडच्या घरटी एक माणूस मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर रेल्वेत होता, आणि त्यातले बरेचजण कूपरेजला रोव्हर्स कपचे सामने बघत. १८९१ मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा आता बंद आहे, आणि जुन्या सामन्यांची चित्रणं जवळपास नाहीतच. तो काळ अशा माणसांच्या डोळ्यांतूनच पाहावा लागतो.

फक्त विचारायची पद्धत असते. 'कोण भारी होता?' असं विचारलंत तर तरुणपणाचं कौतुक ऐकायला मिळेल. 'आबा, कुठल्या साली? समोर कोण होतं? गोल कोणी केला? तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता?' असं विचारा. साल मिळालं की निकाल ताडून बघता येतो. हैदराबाद सिटी पोलिसांचं नाव निघालं तर कान टवकारा: १९५० ते १९५४ सलग पाच रोव्हर्स कप, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे १९६२ ला भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे तेच. १९५०-५४ चा खेळ स्वतः पाहिलेला माणूस आता नव्वदीच्या घरातला. भेटला तर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा.

वजावट

लाचखोरी सिद्ध झाली असेल तर जेतेपद खोडा. मार्सेयने १९९३ ला चॅम्पियन्स लीग जिंकली, पण वालेन्सियेनविरुद्धचा लीगचा सामना विकत घेतल्याचं उघड झाल्यावर फ्रान्सचं त्या वर्षीचं जेतेपद काढून घेतलं गेलं. युव्हेंटसची २००४-०५ आणि २००५-०६ ची दोन पंचांच्या नेमणुकीत ढवळाढवळ केल्यामुळे गेली, तीही खोडा.

पैशासाठी मी पूर्ण जेतेपद खोडत नाही, शेरा मारतो. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगचं शील्ड (गुणतक्त्यात पहिल्याला मिळतं ते) आणि चषक (नंतरच्या बाद फेरीचा) दोन्ही नेले. २०१९ पासून त्यांच्यामागे सिटी फुटबॉल ग्रुप आहे, हा एक शेरा. दुसरा महत्त्वाचा: कोरोनामुळे तो सगळा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर प्रेक्षकांविना झाला. घरचं मैदान नाही, परकं नाही, प्रवास नाही. शील्डसाठी मोहन बागानबरोबर ४०-४० गुण झाले आणि आपसातल्या लढतींवर निकाल लागला. जेतेपद खरंच, पण त्या हंगामाची इतर हंगामांशी तुलना करताना हात आखडता घ्यावा.

अपघाताने तुटलेले संघ हा सगळ्यात अवघड भाग. तोरिनोने १९४३ ते १९४९ या काळात झालेल्या पाच अधिकृत लीग सलग जिंकल्या. मे १९४७ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघातले दहा जण तोरिनोचे होते. ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या टेकडीवर विमान कोसळलं आणि संघच संपला. उरलेले चार सामने युवा संघ खेळला. समोरच्यांनीही आपले युवा संघच उतरवले. 'जगले असते तर युरोपियन कप जिंकला असता' हे वहीत लिहू नका, ती स्पर्धाच १९५५ ला सुरू झाली. पाच जेतेपदं आणि ते दहा जण, एवढंच लिहा. कमी नाही.

निकाल एका परिच्छेदात

सगळं झाल्यावर चार-पाच ओळींत निकाल लिहा. त्यात 'आजवरचा', 'सर्वकाळातला' असे शब्द टाळा. वर्षं, प्रतिस्पर्धी आणि उणीव या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. धेंपोसाठी माझी नोंद अशी आहे:

'धेंपो, २००४-१२. राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासूनच्या, म्हणजे १९९६ पासूनच्या भारतीय क्लबांत माझ्या मते पहिला. आठ वर्षांत पाच जेतेपदं, तीही गोव्यातले आणखी दोन क्लब राष्ट्रीय विजेते होत असताना. आशियात उपांत्य फेरीच्या पुढे नाही, तेही दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत. २०१५ ला खालच्या विभागात घसरण, पण ती या संघाच्या खात्यात धरलेली नाही, कारण तोवर संघ बदलला होता.'

ही नोंद कोणी खोडून काढू शकतं. मोहन बागानवाला २०२४-२५ चं शील्ड आणि चषक पुढे करील, आणि त्याच्याशी बोलायला मजा येईल.

सुरुवातीला तीन पानं करा: धेंपो २००४-१२, लिव्हरपूल १९७५-८३ आणि तुमच्या लाडक्या संघाचं एक. लाडक्या संघाचं पान शेवटी भरा, आणि त्यातला 'वजावट' हा भाग कठड्यावरच्या अशा एखाद्या मित्राकडून लिहून घ्या, ज्याला तो संघ अजिबात आवडत नाही.